शार्ल कूलोम आणि पिळलेली तार

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात विजेचे प्रकरण सुरू झाले की पहिल्या दोन-चार पानांतच 'कूलोम' हा शब्द भेटतो. विद्युद्भार मोजण्याचे ते एकक आहे, एवढे बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. पण हा शब्द एका हाडामांसाच्या माणसाचे आडनाव होते, तो माणूस पेशाने लष्करी स्थापत्यशास्त्रज्ञ होता, त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे किल्ले बांधण्यात घालविली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर आल्यावर एका केसासारख्या बारीक तारेला पीळ देऊन निसर्गाचा एक मोठा नियम हस्तगत केला, ही हकीगत फार थोड्यांच्या कानावर येते. ती येथे सांगावयाची आहे.

शार्ल ओग्यूस्तँ द कूलोम याचा जन्म फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील आंगुलेम या गावी 14 जून 1736 रोजी झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. पुढे कुटुंब पॅरिसला आले आणि तेथील माझारँ विद्यालयात व अन्यत्र चाललेली गणिताची व्याख्याने ऐकून मुलाला त्या विषयाची गोडी लागली. आईच्या मनात त्याने वैद्य व्हावे असे होते. मुलगा ऐकेना. माय-लेकांत एवढे वितुष्ट आले की त्याला घर सोडावे लागले. वडिलांनी सट्ट्याच्या व्यवहारात पैसा गमावला होता आणि ते दक्षिणेकडे माँपेल्ये येथे जाऊन राहिले होते. शार्ल त्यांच्याकडे गेला. तेथील विद्वत्सभेने 1757 साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याला गणित विभागात सभासद करून घेतले.

परंतु सभासदत्वाने पोट भरत नाही. 1760 साली तो मेझिएर येथील लष्करी स्थापत्यविद्यालयात दाखल झाला. ही संस्था त्या काळी युरोपात नावाजलेली होती. तेथे गणिताचे अध्यापक बोस्यू यांचा व त्याचा जो स्नेह जुळला तो जन्मभर टिकला. 1761 च्या अखेरीस तो पदवी घेऊन बाहेर पडला आणि ब्रेस्तच्या बंदरात कामाला लागला.

1764 साली वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर जाण्यासाठी नेमलेला एक अधिकारी आजारी पडला आणि त्याच्या जागी कूलोमची रवानगी झाली. दोन वर्षांपूर्वी इंग्रजांनी हे बेट जिंकले होते व 1763 च्या तहाने ते फ्रान्सला परत मिळाले होते. पुन्हा तसा प्रसंग येऊ नये म्हणून तेथे बूर्बों नावाचा बळकट किल्ला उभारावयाचा होता. कूलोम तेथे गेला तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. शेकडो माणसांच्या हातून डोंगर फोडून घेणे, तट उभारणे, हिशेब ठेवणे हे सारे त्याच्या शिरावर पडले. उष्ण दमट हवा, तापाच्या साथी आणि गुलामांच्या कष्टांवर चाललेली ती वसाहत, अशा वातावरणात त्याने सुमारे 8 वर्षे काढली. अनेकदा तो मरणाच्या दारातून परत आला. प्रकृती जी ढासळली ती पुन्हा कधी पूर्ववत झालीच नाही.

पण या आठ वर्षांत त्याच्या बुद्धीला जे खाद्य मिळाले ते कोणत्याही विद्यालयात मिळाले नसते. मातीच्या भरावाला आधार देणारी भिंत किती जाड असावी? थोडी बारीक झाली तर एखाद्या पावसाळ्यात ती कोसळेल, अवाजवी जाड केली तर सरकारचा पैसा मातीत जाईल. पुस्तकातील सूत्रे येथे उपयोगी पडत नव्हती. तेव्हा त्याने आपला मार्ग आपणच काढला. भिंतीमागील माती ज्या वेळी घसरते त्या वेळी ती पाचरीच्या आकाराने घसरते. ती पाचर कोणत्या कोनात सुटेल हे आधी ठाऊक नसते. मग शक्य असलेल्या सगळ्या पाचरी विचारात घ्याव्या आणि त्यांतील जी भिंतीवर सर्वाधिक रेटा देईल तिच्यासाठी भिंत बांधावी. गणितातील महत्तम-लघुतमाची रीत त्याने अशा प्रकारे मातीला लावली. 1772 साली मायदेशी परतल्यावर त्याने हा निबंध लिहून काढला आणि 1773 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. स्थापत्याच्या महाविद्यालयांत मातीच्या रेट्याचा कूलोमचा सिद्धान्त म्हणून शिकविला जातो तो हाच. या निबंधातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. वस्तू स्थिर असताना तिच्यावरील जोर मोजणे एवढ्यावर त्याचे समाधान होत नसे. ती कोणत्या क्षणी ढासळेल, हा त्याचा खरा प्रश्न असे. बारा वर्षांनी विजेच्या प्रयोगात हाच प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा उभा राहणार होता.

अकादमीने मध्यंतरी एक बक्षीस जाहीर केले होते. जहाजावरील होकायंत्राची सुई उत्तम तऱ्हेने कशी करावी, हा विषय. त्या काळी सुई टोकदार खिळ्यावर ठेवीत आणि घर्षणामुळे ती नेमकी उत्तरेस न थांबता थोडी अलीकडे-पलीकडे अडकून बसे. कूलोमने सुई खिळ्यावरून उचलली आणि बारीक धाग्याने टांगली. धाग्याचा पीळ सुईला किंचित मागे खेचतो, पण तो अगदी अल्प असतो व त्याचा हिशेबही करता येतो, असे त्याने दाखविले. 1777 चे ते बक्षीस त्याला व डच शास्त्रज्ञ व्हान स्विंडेन याला विभागून मिळाले. पुढे पॅरिसच्या वेधशाळेत कासिनीने अशी सुई बसविली. ती इतकी नाजूक निघाली की जवळपासच्या हालचालीने व विजेच्या लहानशा उपद्रवानेही हलू लागली. यंत्राचा दोष म्हणून दुसऱ्या कोणी ते बाजूला ठेवले असते. कूलोमने रेशमाऐवजी धातूची तार वापरावी असा विचार केला आणि तारांच्या पिळाचा अभ्यास हाती घेतला.

मध्येच रोशफोरच्या गोदीत त्याने घर्षणावर मोठे काम केले. जहाजबांधणीसाठी आणलेली लाकडे, दोर, कप्प्या यांवरच त्याने प्रयोग केले. घासणाऱ्या पृष्ठभागांवर भार दुप्पट केला की घर्षणही सुमारे दुप्पट होते, आणि वस्तू बराच वेळ एका जागी पडून राहिली तर तिला हलविण्यास अधिक जोर लागतो, हे त्याने मोजून सांगितले. त्यावरही 1781 साली अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी तो अकादमीचा सभासद होऊन पॅरिसला स्थायिक झाला.

याच सुमारास घडलेला एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ब्रिटनी प्रांतात कालवे व बंदरे सुधारण्याची एक मोठी योजना निघाली होती आणि तपासणीसाठी कूलोमला पाठविण्यात आले. खर्चाच्या मानाने लाभ काहीच नाही, असे त्याचे मत पडले व ते त्याने स्पष्ट लिहिले. योजनेमागे वजनदार माणसे होती. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेतली नाही असे निमित्त काढून 1783 साली त्याला पॅरिसच्या आबेई तुरुंगात आठवडाभर डांबले. सुटल्यावर पुन्हा त्याच कामावर पाठविले, तेव्हाही त्याने तेच मत दिले. काही काळाने प्रांताच्या लोकांना त्याचे म्हणणे पटले आणि त्यांनी त्याला मोठे इनाम देऊ केले. त्याने ते नाकारले व सेकंद दाखविणारे एक उत्तम घड्याळ तेवढे स्वीकारले. पुढील सर्व प्रयोगांत तेच घड्याळ त्याच्या कामी आले, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

1784 साली त्याने तारांच्या पिळावरील निबंध सादर केला. तारेला जितका पीळ द्यावा तितक्याच प्रमाणात ती उलट फिरण्याचा जोर दाखविते. तारेची लांबी दुप्पट केली तर हा जोर निम्मा होतो. आणि जाडी दुप्पट केली तर तो सोळापट होतो. शेवटच्या वाक्याकडे नीट पाहावे. तार जाडीने निम्मी घेतली तर तिचा विरोध एकदम सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे पुरेशी बारीक तार घेतली तर डोळ्यांना न दिसणारा, हातांना न जाणवणारा जोरसुद्धा तिला फिरवील. कूलोमच्या हाती आता जगातील सर्वांत नाजूक तराजू आला होता. प्रश्न एवढाच होता की, त्यात तोलावयाचे काय?

विजेची ओढ, हे त्याचे उत्तर. सजातीय भार एकमेकांना लोटतात व विजातीय ओढतात, हे सर्वांना माहीत होते. अंतर वाढले की जोर कमी होतो हेही दिसत होते. पण किती कमी? गुरुत्वाकर्षणाप्रमाणे अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावा, असा तर्क प्रीस्टलीने 1767 साली केला होता. इंग्लंडातील कॅव्हेंडिश या एकलकोंड्या गृहस्थाने तर घरच्या घरी प्रयोग करून तो पडताळूनही पाहिला होता. पण त्याने तो छापला नाही, आणि मॅक्सवेलने 1879 साली त्याची टिपणे प्रसिद्ध करीपर्यंत जगाला त्याचा पत्ता लागला नाही. ज्ञान पेटीत कुलूप लावून ठेवले तर त्याचा उपयोग किती, हा प्रश्न कॅव्हेंडिशचे चरित्र वाचताना मनात येतोच. असो.

कूलोमचे यंत्र असे होते. सुमारे एक फूट रुंद व तितकेच उंच काचेचे नळकांडे, त्यावर झाकण, झाकणाच्या मध्यातून वर गेलेली सुमारे दोन फूट उंचीची काचेची नळी. नळीच्या टोकाला अंश कोरलेली फिरती चकती. या चकतीपासून पाऊण मीटर लांबीची चांदीची अतिसूक्ष्म तार खाली सोडलेली. तारेच्या खालच्या टोकाला लाखेने मढविलेली आडवी काडी आणि काडीच्या एका टोकास एक हलकी गोळी. लग्नातील बाशिंगे ज्या पांढऱ्या हलक्या भेंडाची करतात, तशाच प्रकारच्या वनस्पतीच्या गाभ्याची ती गोळी होती. आकार ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. दुसरी तशीच गोळी झाकणातील भोकातून आत सोडून स्थिर ठेवलेली. ही तार एक पूर्ण वेढा पिळण्यास काडीच्या टोकावर एका ग्रेनचा 340 वा भाग एवढाच जोर पुरत असे, आणि फ्रेंच ग्रेन म्हणजे साधारण 53 मिलिग्रॅम. आपल्या प्रयोगशाळेतील तराजू या मानाने बैलगाडीच!

लाखेच्या कांडीत खुपसलेल्या टाचणीने त्याने गोळ्यांना विद्युद्भार दिला. दोन्हींना एकच प्रकारचा भार मिळताच त्या एकमेकींपासून दूर सरल्या आणि फिरती गोळी 36 अंशांवर जाऊन थांबली. येथे तारेला 36 अंशांचा पीळ बसला होता. मग वरची चकती उलट दिशेने 126 अंश फिरवून त्याने गोळीला जवळ येण्यास भाग पाडले. अंतर 18 अंश उरले. एकूण पीळ 126 अधिक 18, म्हणजे 144. अंतर निम्मे, जोर चौपट! पुन्हा चकती फिरवून 567 अंशांवर नेली. अंतर 8½ अंश उरले आणि एकूण पीळ 575½ झाला, म्हणजे 36 च्या सोळापटीला फक्त अर्ध्या अंशाने कमी. 36, 144, 575½ या तीन आकड्यांवर विजेचा मूलभूत नियम 1785 साली उभा राहिला. कसून हिशेब केला तर तिसऱ्या मोजमापात अंतर पाव हिश्श्याहून थोडे कमी आहे, तेव्हा जोर याहूनही अधिक भरावयास हवा होता; मधल्या काळात गोळ्यांवरील भार थोडा ओसरतो, हे त्याला माहीत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही संशोधकांनी असे यंत्र बनवून पाहिले तेव्हा इतके नेटके आकडे मिळविणे किती कठीण आहे याचा अनुभव त्यांना आला.

येथवर लोटणाऱ्या भारांची गोष्ट झाली. आता ओढणाऱ्या भारांकडे वळू. कारण कूलोमची खरी कसोटी येथे लागली.

वरवर पाहता अडचण काहीच नव्हती. एका गोळीला धन भार द्यावा, दुसरीला ऋण, आणि पिळाने त्यांना दूर धरून मोजावे. पण प्रयोग करू लागताच गोळ्या झटकन एकमेकींना चिकटत व भार नाहीसा होऊन सगळा खेळ आटपत असे. कधी त्या दूर थांबत, कधी जवळ येता येता एकाएकी झेप घेत. यंत्र सदोष आहे, हवा दमट आहे, हात थरथरला, अशी कारणे पुढे करून मोकळे होणे सोपे होते. मातीची पाचर कधी सुटते हे शोधणाऱ्या माणसाने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. समतोल नेमका कोठे मोडतो?

आपण हा हिशेब लहान आकड्यांनी करून पाहू. पीळ नसताना दोन गोळ्यांतील अंतर 3 मानू. फिरती गोळी 1 ने पुढे ओढली गेली तर तार 1 इतक्या जोराने मागे खेचील. 2 ने गेली तर 2 इतक्या. तारेचा विरोध असा सरळ चढतो. विजेची ओढ मात्र अंतराच्या वर्गाने चढते. कोणत्याही जागी गोळी थांबावयाची असेल तर तेथे दोन्ही जोर सारखे हवेत. म्हणजेच पुढे सरलेले अंतर गुणिले उरलेल्या अंतराचा वर्ग, हा गुणाकार विजेच्या मापाइतका यावयास हवा. गोळी अर्ध्याने सरली असता हा गुणाकार 3.125 येतो. 1 ने सरली असता 1 गुणिले 4, म्हणजे 4. दीडने सरली असता 3.375, आणि 2 ने सरली असता 2 गुणिले 1, म्हणजे फक्त 2. गुणाकार वाढत वाढत 4 पर्यंत जातो आणि मग उतरतो. तेव्हा विजेचे माप 4 हून किंचितही अधिक झाले तर गोळीला थांबावयास जगात जागाच नाही. तार कितीही ताणली तरी ओढ तिच्या पुढेच राहणार आणि गोळ्या आदळणार. आणि ही हद्द येते कोठे? मूळ अंतराचा एक-तृतीयांश भाग ओलांडला की. 30 अंशांवर ठेवलेली गोळी 10 अंश पुढे येईपर्यंत तग धरील, त्यापुढे नाही.

महत्तम-लघुतमाची तीच जुनी रीत वापरून कूलोमने ही मर्यादा गणिताने काढली. प्रयोग फसतो तो हाताच्या चुकीने नव्हे, तर अशा रचनेत ती आदळ निसर्गतःच दडलेली आहे, हे त्याला उमगले. ओढणाऱ्या भारांसाठी हा तराजू फार जपून, मर्यादेच्या अलीकडेच वापरता येतो. म्हणून त्याने दुसरी वाट धरली. एक फूट व्यासाचा, पत्र्याने मढविलेला मोठा गोल घेतला, त्याला भार दिला आणि त्याच्यासमोर रेशमाच्या तंतूने लाखेची छोटी आडवी सुई टांगली. सुईच्या टोकाला सोनेरी कागदाची टिकली, तिच्यावर विरुद्ध भार. आता सुईला थांबवावयाचेच नाही. तिला झोके घेऊ द्यावयाचे आणि झोक्यांना लागणारा वेळ मोजावयाचा! लंबकाचे झोके पाहून गुरुत्वाकर्षण मोजतात तसेच हे. ओढ वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर झोक्याचा काळ अंतराच्या सरळ प्रमाणात वाढला पाहिजे. गोलाच्या मध्यापासून 9, 18 व 24 इंचांवर पंधरा झोक्यांना अनुक्रमे 20, 41 आणि 60 सेकंद लागले. नियमाप्रमाणे 20, 40 व सुमारे 54 यावयास हवे होते. शेवटच्या आकड्यातील फरक त्याने लपविला नाही. प्रयोग चालू असता हवेतून भार गळत जातो, म्हणून तो पडतो असे त्याने सांगितले आणि पुढच्याच निबंधात या गळतीचे प्रमाण किती, दमट हवेत ती किती वाढते, याचा स्वतंत्र अभ्यास केला. ज्यांनी बेळगावचा पावसाळा पाहिला आहे आणि आषाढात सुवर्णपत्र-विद्युद्दर्शकाची पाने उघडता उघडता शिक्षकांना घाम फुटलेला पाहिला आहे, त्यांना या अभ्यासाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

ही झटकन आदळण्याची गोष्ट दीर्घकाळ एक अडचण म्हणूनच गणली गेली. तिचे खरे दिवस आले ते यंत्रे लहान होऊ लागल्यावर. एक पट्टी स्थिर, तिच्यासमोर दुसरी लवचिक पट्टी, आणि दोहोंमध्ये विजेचा दाब. दाब वाढविला की लवचिक पट्टी वाकते. 1967 साली अमेरिकेत नेथन्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी धातूच्या सूक्ष्म पट्टीचे असे एक उपकरण केले, तेव्हा त्यांनाही तीच हद्द भेटली. सपाट समांतर पट्ट्यांच्या बाबतीत मधल्या फटीचा एक-तृतीयांश भाग ओलांडला की पट्टी सावरत नाही, एकदम चिकटते. कूलोमच्या गोळ्यांचा आकडा आणि हा आकडा एकच आहे, कारण दोन्हीकडे सरळ चढणारा विरोध व वर्गाने चढणारी ओढ यांचाच झगडा आहे.

1991 साली जपानच्या इइजिमाने कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कार्बनच्या अणूंची षट्‌कोनी जाळी गुंडाळून झालेल्या या नळ्यांची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजतात. त्या हलक्या, अत्यंत चिवट आणि विद्युत्‌वाहक असल्याने चिमुकल्या हालत्या यंत्रांसाठी त्या वापरून पाहाव्या असे शास्त्रज्ञांना वाटले. 1999 साली हार्वर्ड विद्यापीठात किम व लीबर यांनी काचेच्या बारीक टोकावर अशा नळ्यांच्या दोन काड्या बसवून चिमटा तयार केला. काड्यांची जाडी सुमारे 50 नॅनोमीटर आणि लांबी सुमारे 4 मायक्रोमीटर. विजेचा दाब हळूहळू वाढविला तशा काड्या हळूहळू जवळ आल्या, आणि 8.5 व्होल्टच्या सुमारास एकाएकी मिटल्या. कूलोमच्या काचेच्या नळकांड्यातील झेप ती हीच!

अशी नळी कोणत्या दाबाला आदळेल हे आधीच सांगता यावे म्हणून तिचे गणिती प्रतिरूप मांडतात. 2002 साली अमेरिकेतील इलिनॉय येथे डेकेन, रॉटकिन व अलुरू यांनी ते मांडले. त्यात तीन जोरांचा मेळ घालावा लागतो. नळीचे वाकण्यास विरोध करणारे स्थितिस्थापकत्व, विजेची ओढ, आणि अणू फार जवळ आले असता त्यांच्यात आपोआप उत्पन्न होणारे व्हान डर वाल्स आकर्षण. हा तिसरा जोर कूलोमच्या यंत्रात नगण्य होता. नॅनोमीटरच्या जगात तो इतका प्रबळ होतो की फट फारच लहान ठेवली तर वीज न सोडताही नळी खाली चिकटून बसते आणि वीज बंद केली तरी सुटत नाही. नळी गोल असल्याने ओढ चढण्याची तऱ्हाही थोडी निराळी असते, म्हणून एक-तृतीयांश हाच आकडा तेथे मिळत नाही. नळी एका टोकाला धरली आहे की दोन्ही टोकांना, यावरही तो बदलतो. पण विचारण्याचा प्रश्न मात्र बदललेला नाही. ज्यांना अशा नळीची कळ, म्हणजे विजेचा खटका बनवावयाचा आहे त्यांना ही झेप हवीच असते. ज्यांना चिमट्याने हळुवार एखादा कण उचलावयाचा आहे त्यांनी तिच्या अलीकडेच थांबावयाचे असते.

आता पुन्हा आपल्या चरित्रनायकाकडे वळू. 1785 पासून 1791 पर्यंत त्याने वीज व चुंबकत्व यांवर एकूण सात निबंध सादर केले. चुंबकाचे ध्रुवही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढतात व लोटतात, आणि वाहकावरील भार त्याच्या पृष्ठभागावरच राहतो, हे त्याने दाखविले. या काळात सरकारी कामेही चालूच होती. राजधानीचे पाणीपुरवठ्याचे हौद व कारंजी त्याच्या देखरेखीखाली होती. 1787 साली रुग्णालयांची व्यवस्था पाहण्यासाठी त्याला इंग्लंडलाही धाडण्यात आले.

मग क्रान्ती झाली. 1791 साली त्याने लष्करी नोकरीचा राजीनामा दिला. 1793 च्या ऑगस्टमध्ये अकादमीच बरखास्त झाली आणि वर्षअखेर वजने-मापे ठरविणाऱ्या मंडळातून लाव्हाझ्ये, लाप्लास, बोर्दा यांच्याबरोबर त्यालाही काढून टाकण्यात आले. 8 मे 1794 रोजी लाव्हाझ्येचा शिरच्छेद झाला. कूलोम आपला जुना मित्र बोर्दा याच्यासह ब्लुआजवळच्या आपल्या घरी जाऊन राहिला होता. पिळाचा तराजू त्या काळात काय करीत होता कोण जाणे. पण झाडांतून रस कसा चढतो याकडे त्याने तेथे लक्ष दिले, एवढे खरे. 1795 साली नवी राष्ट्रीय विद्यासंस्था स्थापन झाली आणि तो सभासद म्हणून पॅरिसला परतला. 1798 साली त्याने माणसाच्या श्रमशक्तीवर निबंध वाचला. मजुराने किती ओझे, किती वेळ वाहिले असता दिवसाअखेर सर्वाधिक काम होते व तो थकून मोडत नाही, याचा तो विचार होता. मार्तिनिकच्या तटावर पाहिलेली माणसे त्याच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती, असे तो निबंध वाचताना वाटते.

1802 साली त्याची सार्वजनिक शिक्षणाचा महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. देशभर नव्या माध्यमिक शाळा निघत होत्या. खालावलेली प्रकृती घेऊन हा वृद्ध शास्त्रज्ञ शाळा तपासीत गावोगाव हिंडला आणि मुलांना गणित व विज्ञान नीट शिकविले जाते की नाही हे पाहत राहिला. हे काम चालू असतानाच 23 ऑगस्ट 1806 रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. मागे पत्नी आणि दोन मुलगे राहिले. 1881 साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत्‌परिषदेने विद्युद्भाराच्या एककाला त्याचे नाव दिले, आणि काही वर्षांनी आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या सज्जाखाली ज्या 72 फ्रेंच विद्वानांची नावे कोरली गेली त्यांतही ते आहे.